विधानसभेला मत देताना ख्रिस्ती मतदाराने उमेदवार कशावरून पारखावा?

खानापूरचा मतदार

सर्वांना नमस्कार. मी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. आमच्या घरात कोकणीमिश्रित मराठी बोलली जाते, मुले मराठी शाळेत शिकली आणि आमच्या कपेलची, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराची, देखभाल करणाऱ्या कमिटीवर मी आहे. पुढच्या विधानसभा निवडणुकीला, म्हणजे २०२८ ला, अजून अवकाश असला तरी इच्छुकांच्या फेऱ्या गावोगावी सुरू झाल्या आहेत, आणि त्यामुळेच हा प्रश्न आता शांतपणे विचारावा असे वाटले. प्रचाराची धामधूम सुरू झाली की कोणी कोणाचे ऐकून घेत नाही.

आमच्याकडे मत तीन बाजूंनी ओढले जाते. कमिटीतील वडीलधारी माणसे म्हणतात की आपण मूठभर आहोत, तेव्हा सर्वांनी एकाच पारड्यात मत टाकावे आणि जो पक्ष आपल्याला त्रास देणार नाही त्याच्यामागे उभे राहावे. गावातील मराठा शेजारी, ज्यांच्याबरोबर आमची शेती आणि सुखदुःखे पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली आहेत, ते म्हणतात की तू आधी सीमाभागातील मराठी माणूस आहेस, महाराष्ट्र एकीकरण समितीला सोडू नकोस. आणि तिसरी ओढ स्मशानभूमीची आहे, तिच्याविषयी जरा सविस्तर लिहितो.

आमच्या दफनभूमीला रस्ता नाही. गाडीवाट एका शेताच्या बांधापाशी संपते आणि तिथून पुढे शवपेटी खांद्यावरून न्यावी लागते. गेल्या पावसाळ्यात गावातील एक वृद्ध बाई वारल्या तेव्हा पुढे चालणारे दोघे जण चिखलात फळ्या टाकत होते, पेटी त्या फळ्यांवरून चार पावले पुढे गेली की मागच्या फळ्या उचलून पुन्हा पुढे आणल्या जात होत्या. खड्ड्यात पाणी भरले होते, ते बादल्यांनी उपसून होईपर्यंत फादर भर पावसात प्रार्थनापुस्तक छातीशी धरून उभे होते. ही बातमी एका इच्छुकाच्या कानावर गेली. तो आला, जागा पाहिली आणि कमिटीला म्हणाला, ‘मतांचं तेवढं तुम्ही बघा, रस्त्याचं आणि भिंतीचं मी बघतो.’ कमिटीतील निम्म्या लोकांना यात काही गैर वाटले नाही, आणि त्या दिवशीचा चिखल आठवला की त्यांना दोष देणे मलाही जमत नाही.

माझा मुलगा पहिल्यांदाच मतदान करणार आहे. त्याने विचारले की रस्ता, भाषा आणि संरक्षण एवढेच पाहायचे असेल तर आपल्या ख्रिस्ती असण्याचा मतदानाशी संबंध काय. मला त्याला नीट उत्तर देता आले नाही. श्रद्धेच्या आधारे मत ठरवणे योग्य आहे का, असल्यास उमेदवारात नेमके काय पाहावे आणि चर्चने या बाबतीत कुठपर्यंत बोलावे, हे जाणकारांनी सांगावे. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे मात्र कृपया सांगू नये.

निवृत्त मास्तर, बेळगाव कॅम्प

दादा, प्रश्न वेळेवर विचारलात. माझी नोकरी शाळेत गेली आणि त्या काळात मतदान केंद्रावरची कामे बरीच केली, त्यामुळे आधी कायद्याचे सांगतो आणि मग श्रद्धेचे.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ मध्ये निवडणुकीतील भ्रष्ट आचरणे सांगितली आहेत. धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या नावाने मत मागणे हे त्यांपैकी एक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने स्पष्ट केले की यात केवळ उमेदवाराचा धर्म येत नाही, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही येते. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या चर्चमध्ये फारशी कोणाला ठाऊक नसते: अमुक उमेदवाराला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा धार्मिक बहिष्काराला सामोरे जावे लागेल, असा धाक घालणे हा मतदारावरील अनुचित दबाव मानला जातो. याशिवाय धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा १९८८ चा कायदा आहे. त्यानुसार धर्मस्थळाची जागा राजकीय प्रचारासाठी वापरता येत नाही. म्हणजे फादरांनी वेदीवरून उमेदवाराचे नाव घेणे किंवा कमिटीने कपेलच्या आवारात प्रचारसभा घेऊ देणे, दोन्ही टाळलेच पाहिजे. मतदानाला अवश्य जा, लाच घेऊ नका, विवेकाने ठरवा, एवढे सांगायला मात्र कोणतीही आडकाठी नाही आणि ते सांगितलेच पाहिजे.

आता तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. श्रद्धेने मत ठरवणे आणि जमातीच्या फायद्याने मत ठरवणे या दोन गोष्टी आपण एकच समजतो, आणि माझ्या मते सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात मोशेचा सासरा त्याला लोकांवर अधिकारी कसे नेमावेत हे सांगतो. माणसे कर्तबगार असावीत, देवाला भिणारी असावीत, सत्याला धरून चालणारी असावीत आणि लाचेचा तिटकारा करणारी असावीत, अशा त्याच्या अटी आहेत. त्यांत आपल्या कुळाचा किंवा आपल्या कामाचा माणूस पाहा, असे कुठेही म्हटलेले नाही. मोशे इस्राएलातून माणसे निवडत होता आणि आपण अनेक धर्मांच्या राज्यात आमदार निवडतो, हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच देवाला भिणारा ही अट मी अशी वाचतो की आपल्यापेक्षा वरचढ अशा न्यायाला आपण उत्तरदायी आहोत, असे ज्याच्या वागण्यातून दिसते तो. असा माणूस हिंदू असेल, लिंगायत असेल, जैन असेल, मुसलमान असेल किंवा ख्रिस्ती असेल. उमेदवार ख्रिस्ती आहे एवढ्यावरून त्याला मत देणे मला श्रद्धेचे लक्षण वाटत नाही.

या अटी तपासायच्या कशा? ‘लाचेचा तिटकारा’ आणि ‘सत्याला धरून’ या दोन गोष्टी बऱ्याच अंशी कागदावर तपासता येतात. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधील प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात प्रलंबित फौजदारी खटले, झालेल्या शिक्षा, स्वतःची, पती किंवा पत्नीची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, कर्जे, सरकारी थकबाकी, मागील पाच वर्षांचे उत्पन्न आणि शिक्षण यांचा तपशील असतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर हे प्रतिज्ञापत्र कोणालाही पाहता येते. वाचताना खटल्यांची संख्या मोजून थांबू नका, कलमे पाहा. आंदोलनात रस्ता अडवल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या सीमाभागात आंदोलनाचे गुन्हे पुष्कळांवर असतात. उमेदवार पूर्वी लढलेला असेल तर २०२३ चे प्रतिज्ञापत्र आणि नवे प्रतिज्ञापत्र शेजारी शेजारी ठेवून मालमत्तेचे रकाने वाचा. विद्यमान आमदार असेल तर कर्नाटकात त्याला दरवर्षी लोकायुक्तांकडेही मालमत्तेचे विवरण द्यावे लागते. गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या उमेदवाराला तिकीट का दिले याची कारणे पक्षांनी जाहीर करावीत, निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलेले आहे. ती कारणे मिळवून वाचावीत, कारण पक्ष कोणत्या तोंडाने आपल्याकडे येतो ते त्यांतून कळते.

‘कर्तबगार’ ही अट तपासताना आमदाराच्या हातात काय आहे ते आधी माहीत हवे. पोलीस, कायदा व सुव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य, जमीन, ग्रामपंचायती हे राज्यसूचीतील, म्हणजे राज्यघटनेने राज्याच्या अधिकारात ठेवलेले, विषय आहेत. दफन आणि दफनभूमी हा विषयसुद्धा राज्यसूचीत दहाव्या क्रमांकावर आहे. उलट दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातीचा दर्जा देणे हे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाशी निगडित असून तो बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. त्या आदेशात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले ते संसदेच्या कायद्यानेच. परदेशी देणग्यांचा कायदाही केंद्राचा आहे. तेव्हा विधानसभेचा उमेदवार या गोष्टींची हमी देऊ लागला तर त्याला स्वतःचे काम माहीत नाही किंवा तो आपल्याला फसवतो आहे, यांपैकी काहीतरी एक खरे असते.

तुमच्या रस्त्याचे म्हणाल तर तो सार्वजनिक पैशातून होणार आहे. ज्या गावांत दफनासाठी जागा नाही तिथे ती उपलब्ध करून द्यावी, असा आदेश कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये राज्य सरकारला दिलेला आहे. जागेचा हक्क जिथे न्यायालयाने मान्य केला, तिथे त्या जागेपर्यंत जाणारी वाट मतांच्या बदल्यात मिळणारी भेट कशी ठरेल? ज्याने आधी मते मागितली आणि मग रस्ता देऊ केला, त्याने तुमचा हक्क तुम्हालाच विकायला काढला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाळक, बैलहोंगल भाग

मास्तरांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे आणि प्रचार उपासनेपासून दूर ठेवण्याबद्दल मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. तरीही एका गोष्टीवर मी वेगळे मत मांडू इच्छितो. मोठी चर्चइमारत, शाळा आणि दीडशे वर्षांची ओळख असलेल्या मंडळीला जे दिसते ते एखाद्या घरात चटई टाकून प्रार्थना करणाऱ्या लहान मंडळीला दिसत नाही. आमच्यासाठी उमेदवार पारखण्याची पहिली कसोटी ही आहे की रविवारी सकाळी दारावर जमाव आला तर हा माणूस पोलीस ठाण्याला काय सांगेल.

डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झाले ते इथेच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात. त्याच महिन्यात शहरातील एका चर्चच्या आवारात तलवार घेतलेला माणूस फादरांच्या अंगावर धावून गेला होता. पुढे मे २०२२ मध्ये अध्यादेश निघाला आणि सप्टेंबरमध्ये विधान परिषदेच्या मंजुरीनंतर कायदा झाला. त्यातील तरतुदी लोकांनी स्वतः वाचाव्यात. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने तीस दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायचे, रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातील कोणीही, इतकेच नव्हे तर सहकारीसुद्धा, तक्रार करू शकतो, गुन्हा अजामीनपात्र, आणि धर्मांतर बळजबरीने किंवा आमिषाने झालेले नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. शिक्षा तीन ते पाच वर्षे, आणि संबंधित व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दहा वर्षांपर्यंत. बळजबरीने किंवा पैशाने कोणाला ख्रिस्ती करणे हे पापच आहे, त्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. परंतु आजाऱ्यासाठी प्रार्थना करून त्याच्या घरी तांदूळ पोहोचवणाऱ्या बाईला ‘आमिष’ या आरोपाची धास्ती वाटावी, हे राज्यघटनेच्या कलम २५ शी सुसंगत आहे असे मला वाटत नाही.

राज्यात सरकार बदलल्यावर १५ जून २०२३ रोजी मंत्रिमंडळाने हा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. आमच्या लोकांनी पेढे वाटले. मंत्रिमंडळाचा निर्णय वेगळा आणि दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेले विधेयक वेगळे, हे मी तेव्हा मंडळीला समजावून सांगितले होते. म्हणून मी प्रत्येक पक्षाच्या उमेदवाराला एकच प्रश्न विचारण्यास सांगतो: या कायद्यावर सभागृहात तुम्ही किंवा तुमचा पक्ष नेमके काय बोलला, आणि पुढे काय करणार? विरोध करणाऱ्यालाही हा प्रश्न विचारावा आणि बाजूने असणाऱ्यालाही. आपल्याला जवळचा म्हणवणारा पक्ष आपले मत हक्काचे धरून बसला असेल, तर त्याला उत्तरदायी ठेवण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

भाकरीचे, पाण्याचे, उसाच्या बिलाचे प्रश्न सर्वांचेच आहेत आणि ते मांडणारे अनेक आहेत. उपासनेला बसलेल्या माणसाच्या मनातील भीती मांडणारे फार थोडे आहेत. म्हणून माझ्या पारड्यात तिचे वजन अधिक आहे, आणि ते मी लपवत नाही.

समितीचा कार्यकर्ता

मी ख्रिस्ती नाही, पण प्रश्नात समितीचा उल्लेख झाल्यामुळे लिहितो. आमच्या गावातील ख्रिस्ती मंडळी मोर्चात आमच्याबरोबर चालली आहेत आणि लाठ्यादेखील खाल्ल्या आहेत, तेव्हा त्यांना वेगळे मानून मी बोलत नाही.

समितीला मत म्हणजे वाया गेलेले मत, असे आता उघडपणे म्हटले जाते. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले होते, २०१८ आणि २०२३ मध्ये एकही आला नाही, हे मान्य करूनच लिहितो. सीमाप्रश्न महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेलेला आहे आणि कर्नाटकच्या विधानसभेतील एखादा आमदार तो सोडवू शकणार नाही. परंतु मराठी शाळेतील शिक्षकांच्या रिकाम्या जागा, मराठीत न मिळणारे सरकारी कागद, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याविषयी राज्यघटनेच्या कलम ३५० क मध्ये राज्याला दिलेला निर्देश, हे सभागृहात उभे राहून विचारणारा माणूस हवा की नको? मास्तरांनी भाषेच्या नावाने मत मागण्याचा उल्लेख केला. आपल्या भाषेच्या जतनासाठी प्रचार करणे हे त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच म्हटलेले आहे, एवढी पुस्ती मी जोडतो.

पाळकसाहेबांना मात्र नम्रपणे सांगावेसे वाटते की अल्पसंख्याक म्हणून जी घुसमट तुम्हाला धर्माच्या बाबतीत होते तीच आम्हाला भाषेच्या बाबतीत होते. खानापूरच्या दादांच्या वाट्याला दोन्ही आल्या आहेत. समितीच्या उमेदवारालाही हा प्रश्न जरूर विचारावा: तुमच्या प्रार्थनेवर बंधन आले तर तो तुमच्या बाजूने बोलेल का? तो गप्प बसला तर मीही त्याला जाब विचारीन.

निपाणीची ताई

सर्वांचे वाचले. मी निपाणीला बचत गटांचे काम करते आणि आमची मंडळी प्रॉटेस्टंट आहे. इथपर्यंतच्या चर्चेत स्मशानभूमी आली, कायदा आला, भाषा आली, हे सर्व आपले आहे. शेजाऱ्याचे अजून काहीच आले नाही, म्हणून लिहिते.

निपाणी तंबाखूचे गाव आहे. आमच्या गटातील पुष्कळ बायका घरी विड्या वळतात. सूप मांडीवर घेऊन सकाळपासून बसतात, बोटांची टोके काळी पडलेली असतात, खोकला घरातल्या लेकरापर्यंत पोहोचलेला असतो, आणि मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. यांतील ख्रिस्ती बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. बायबलमधील नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायात राजाची आई राजाला सांगते की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तू बोल आणि गरिबांचा न्याय कर. राजाचे काम काय, तर हे. आता राजा नाही, आमदार आहे, आणि तो आपण निवडतो. म्हणून मी उमेदवाराला पहिला प्रश्न विचारते तो विडी वळणाऱ्या बायकांचा, उसाच्या फडात येणाऱ्या तोडणी मजुरांच्या मुलांचा, २०१९ च्या महापुरात घर गेलेल्या माणसाचा. त्यावर ज्याला काही माहीत असते आणि ज्याने काही केलेले असते, तो बहुधा माझ्या उपासनेच्या वेळीही दाराशी उभा राहील. ज्याला या माणसांचे काही वाटत नाही तो आपल्याला गोंजारत असेल तर ते मतांसाठी असते, असा माझा अनुभव आहे. पाळकसाहेब, तुमच्या भीतीचे वजन मी कमी करत नाही. परंतु आपण फक्त आपल्याच भीतीविषयी बोलत राहिलो तर आपल्यावर वेळ येईल तेव्हा आपल्यासाठी बोलायला कोण येईल?

दुसरी गोष्ट पैशाची. मतदानाच्या आधी दोन दिवस पाकिटे फिरतात, साड्या येतात, हळदीकुंकवाच्या नावाखाली भांडी वाटली जातात आणि देवदर्शनाच्या सहली निघतात. आमच्या मंडळीतील बायकाही घेतात. गरीब बाईला उपदेश करणे सोपे आहे, म्हणून मी तो करत नाही. मी तिला एवढेच सांगते की देणारा आणि घेणारा दोघेही कायद्याने गुन्हेगार ठरतात, आणि बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात लाच शहाण्याचे डोळे आंधळे करते असे म्हटले आहे ते शहाण्यांबद्दलच आहे, म्हणून कमिटीवाल्यांनी आधी स्वतःकडे पाहावे. चर्चला मिळालेला ध्वनिक्षेपक, खुर्च्या किंवा रंगकामाचे पैसे निवडणुकीच्या तोंडावर आले असतील तर ते पाकीटच आहे, फक्त आकाराने मोठे. आमच्या मंडळीने गेल्या वेळी असा एक प्रस्ताव परत पाठवला. वाद झाला, दोन कुटुंबे काही काळ उपासनेला आली नाहीत, पण निर्णय बदलला नाही.

आणि घरातील बायकांचे मत घरातील पुरुषांनी ठरवू नये. दादा, तुम्ही मुलाविषयी लिहिलेत, ते वाचून बरे वाटले. घरात मुलगी आणि पत्नी असतील तर त्यांच्याशीही हीच चर्चा करा.

खानापूरचा मतदार

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचा मुद्दा आम्हाला लागू पडतो. भीमगड अभयारण्याच्या बाजूच्या वाड्यांतून आजारी माणसाला पावसाळ्यात खुर्चीला बांबू बांधून खाली आणावे लागते, हे मला माहीत आहे, आणि तरीही प्रश्न लिहिताना मला फक्त आमच्या पेटीखालचा चिखल आठवला. ते लोक ख्रिस्ती नाहीत आणि त्यांची मते आमच्याहूनही थोडी आहेत. इच्छुक पुन्हा आला तर आमच्या वाटेच्या आधी त्यांच्या वाटेविषयी विचारायचे, असे मी आणि मुलाने ठरवले आहे. पत्नीशीही बोललो. तिचे मत आहे की पाळकसाहेबांचा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी मागावे.

दोन शंका उरल्या आहेत. कमिटीने सर्व उमेदवारांना बोलावून प्रश्न विचारले तर ते कायद्यात बसेल का? आणि कोणीच उमेदवार कसोटीला उतरला नाही तर ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) दाबणे ख्रिस्ती माणसाला शोभते का?

निवृत्त मास्तर, बेळगाव कॅम्प

पहिल्या शंकेचे उत्तर: कपेलमध्ये किंवा त्याच्या आवारात नको. गावातील समाजमंदिर किंवा शाळेचे पटांगण परवानगीने घ्या, सर्व उमेदवारांना एकाच नमुन्याचे पत्र पाठवा आणि निमंत्रण कमिटीच्या नावाने न देता गावकऱ्यांच्या नावाने द्या. शेजारच्या वाड्यांतील लोकांनाही बोलवा, म्हणजे ताईंचा मुद्दाही साधेल. आचारसंहिता लागल्यावर सभेसाठी निवडणूक अधिकाऱ्यांची परवानगी लागेल, म्हणून त्याआधीच घेतलेली बरी. मतदान संपण्याच्या आधीच्या अठ्ठेचाळीस तासांत प्रचारसभा घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

‘नोटा’ २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आला. त्याची मते कितीही झाली तरी विधानसभेच्या निवडणुकीत उरलेल्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाराच निवडून येतो. तो दाबण्यात पाप नाही. तथापि सगळेच सारखे वाईट आहेत असे म्हणण्याआधी प्रतिज्ञापत्रे खरोखर वाचली आहेत का, हे स्वतःला विचारावे. माझ्या पाहण्यात तरी सगळे अगदी सारखे कधी निघाले नाहीत, कमी-अधिक असतेच, आणि त्या कमी-अधिकावरच मतदाराने निर्णय घ्यायचा असतो.

राहता राहिला रस्ता. तो निवडणुकीपर्यंत अडवून ठेवू नका. दफनभूमीचा सर्व्हे नंबर उताऱ्यावरून काढा, ज्या शेतातून वाट जाते त्या शेतकऱ्याशी आधी बोलून घ्या, कारण त्याच्या संमतीशिवाय कागद पुढे सरकत नाही. मग ग्रामसभेत ठराव मांडा, पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) सहीची प्रत घेऊन तहसीलदारांकडे अर्ज करा आणि पोच घ्या. अर्ज कन्नडमध्येही जोडा, काम लवकर होते. उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशाचा उल्लेख त्यात अवश्य करा. नंतर जो कोणी मते मागायला येईल त्याच्यासमोर ती पोच ठेवून विचारता येईल की हा अर्ज कार्यालयात पडून होता तेव्हा आपण पाठपुरावा केला का. ठरावाचा मसुदा हवा असल्यास इथेच लिहा, मी तयार करून देतो.